अत्तरवाल्याची बाही

ताईंच्या उत्प्रेरकाचे नखरे एखाद्या एकुलत्या एक जावयाचेही नसतील. त्याला ओल चालत नाही, फार उष्णता चालत नाही, घाई तर मुळीच चालत नाही, आणि गंधकाची नुसती सावली पडली तरी तो रुसून बसतो. जावयाची निदान समजूत काढता येते. त्याच्या दाण्यांवरच्या निकेलवर एकदा गंधक बसलं की ते तिथेच ठाण मांडतं आणि दाणा कामातून जातो.

ताई ज्या संस्थेत होत्या तिथे वाया जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून पुन्हा जळणारा वायू करायचा उद्योग चालला होता. शेजारच्या यीस्टच्या कारखान्यातून कार्बन डायऑक्साइड यायचा, त्यात हायड्रोजन मिसळायचा आणि ते मिश्रण एका उंच, मनगटाएवढ्या पोलादी नळीत वरून सोडायचं. नळीत ताईंचे दाणे. दाण्यांवर दोन्ही वायूंची गाठ पडली की खालून मिथेन आणि पाणी बाहेर यायचं. म्हणजे गावातल्या शेगड्यांत जळतो तोच वायू, फक्त जमिनीखालून न काढलेला. दाणे स्वतः खर्च होत नाहीत, नुसती गाठ घालून देतात. पांढरे दाणे निकेलच्या हिरव्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, भाजायचे, मग हायड्रोजनमध्ये सावकाश तापवून काळे करायचे. निकेल फक्त दाण्याच्या सालीवर असायचं, म्हणून थोडक्यात पुष्कळ काम व्हायचं, आणि थोडक्यात बिघडायचंही. ती साल नेमकी किती पातळ हवी हे ठरवता ठरवता ताईंचे केस पिकले होते.

त्यामुळे ताईंच्या खोलीत रबराचे हातमोजे बंद, रबरबँड बंद, आगपेटी तर दारातच काढून घ्यायची. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात, हे त्या शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या होत्या. झाडणाऱ्या मावशींनी नवा कुंचा आणला तर ताई आधी त्याची मूठ कशाची आहे ते बघायच्या. नवी माणसं म्हणायची, बाई नाकाने कांदे सोलते. जुनी माणसं म्हणायची, थांबा, कळेल.

आणि अशा बाईचा नवरा कोण असावा? पोटासाठी उभा जन्म गंधकात काढलेला माणूस.

शेगडीतल्या वायूला स्वतःचा वास नसतो. कुठे गळला तर कुणाला कळायचं नाही आणि झोपेतच घर उडायचं. म्हणून तो गावात सोडण्याआधी त्यात एक भयंकर वासाचं औषध घालतात. थेंबभर घातलं तरी अख्ख्या आळीला पुरतं, आणि त्याचा सगळा जोर गंधकात असतो. गावाबाहेरच्या ठाण्यावर ते औषध घालायचं काम ताईंच्या नवऱ्याचं. सोबतच्यांनी त्यांचं नाव अत्तरवाले ठेवलं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्यांच्या हातून कधी थेंब कमी पडला नाही की जास्त झाला नाही. पण वास कपड्यांत मुरला, केसांत मुरला. ते दुकानात शिरले की दुकानदार आत जाऊन शेगडीची चावी बघून यायचा. सख्खी बहीण त्यांची खुर्ची खिडकीशी मांडायची आणि म्हणायची, "इथे वारा छान येतो, दादा." दादांना वारा कशासाठी ते कळायचं. ते हळूहळू कुणाकडे जाईनासेच झाले.

लग्न ठरायच्या वेळी दोन्ही घरांतल्या खिडक्या उघडल्या होत्या. ताई मात्र त्यांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला नाही येत वास." ही शुद्ध थाप होती. लग्नानंतर काही महिन्यांत ती खरी झाली. रोजच्या वासाची नाक दखल घेत नाही, तो नाकाचा स्वभाव आहे. पण अत्तरवाल्यांनी ते वाक्य जन्मभर उराशी धरलं. जगात एक माणूस असा आहे ज्याला आपला वास येत नाही, एवढ्यावर त्यांचं भागलं.

ते या वर्षी निवृत्त झाले. कामाचे कपडे त्यांनी टाकून दिले, स्वतःला खसाखसा घासून घेतलं आणि एक दिवस न्हाव्याकडे जाऊन चांगले तासभर गप्पा मारून आले. मग बहिणीकडे गेले आणि मुद्दाम मधल्या खुर्चीत बसले. घरी येऊन ताईंना म्हणाले, "सुटलो एकदाचा. आता मी चारचौघांसारखा." एवढा मोठा माणूस शाळा सुटलेल्या पोरासारखा हसत होता.

रिकामा वेळ खायला उठू नये म्हणून त्यांनी जुनं शिलाईयंत्र घेतलं. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, शेजाऱ्यांच्या स्कूटरला खोळ झाली. घरात शिवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा संस्थेतली बाही फाटली.

बाही म्हणजे लांबलचक कापडी नळी. दाणे वरून नुसते ओतले तर आपटून फुटतात, भुगा होतो आणि वायूची वाट तुंबते. म्हणून बाहीत दाणे भरायचे, ती नळीत तळापर्यंत सोडायची, खालची गाठ सोडवायची आणि बाही सावकाश वर ओढत न्यायची. दाणे निवांत खाली बसतात. नवी बाही मागवली तर यायला महिना लागणार होता, आणि ताईंना महिना नव्हता. गावासाठी मोठा कारखाना उभा राहायचा होता. त्यात ताईंचे दाणे वापरायचे की बाहेरच्या एका कंपनीचे तयार दाणे घ्यायचे, याचा निकाल तोंडावर आलेल्या चाचणीवर लागणार होता. बाहेरच्या दाण्यांना आच जास्त लागायची, पण ते माहितीतले होते. ताईंचे कमी आचेवर चालायचे, पण ते फक्त ताईंना माहिती होते. पुढच्या वर्षी त्याही निवृत्त होणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"मी शिवतो की," अत्तरवाले म्हणाले. "माप आण."

ताईंनी माप आणलं. तीन दिवस यंत्र खडखडत होतं. तयार झालेली बाही त्यांनी पलंगावर पसरली तेव्हा ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली.

"आतून हात घालून बघ," ते म्हणाले. "अस्तर लावलंय. तुझ्या दाण्याला ओरखडा येणार नाही."

ताईंनी हात घातला. आत गुळगुळीत, मऊ, गार. शिवण एका रेषेत, दुहेरी टाके. कुंच्याच्या मुठीची चौकशी करणारी ही बाई, पण अस्तर कशाचं हे तिने विचारलं नाही. नवरा तिच्या तोंडाकडे बघत उभा होता आणि त्याला फक्त एक गोष्ट ऐकायची होती.

"छान झालीय हो," ताई म्हणाल्या.

संस्थेत बाही उलगडली ती मिस्त्रींनी. नळी, झडपा, तापमापी सगळं त्यांच्या हातचं. ताईंच्या बरोबरीने पंधराएक वर्षं काम केलेला, मोजकं बोलणारा माणूस. बाहीचं तोंड उघडताच त्यांचं नाक हललं. त्यांनी ताईंकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दाणे भरायला घेतले. बाही भरली आणि नेमकी वर ओढायच्या चाकाची मोटर जळाली. पुढे दोन दिवस सुट्टी. भरलेली बाही नळीच्या त्या उबदार दालनात तशीच टांगून ठेवावी लागली. सुट्टीनंतर मोटर दुरुस्त झाली, दाणे नळीत गेले आणि चाचणी सुरू झाली.

दाणे चाललेच नाहीत. अगदीच मेले होते असं नाही, पण लंगडत होते. खालून मिथेन यायचा आणि त्याच्या जोडीला न जुळलेला कार्बन डायऑक्साइडही ढिगाने यायचा. तरुण संचालक रोज येऊन आकडे बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "मॅडम, मलाही तुमचेच हवे होते. पण कारखान्याच्या समितीला मी काय दाखवू?" त्यांचा आवाज खरोखर पडला होता.

मग शोधाशोध सुरू झाली. ताईंनी पहिला संशय यीस्टवाल्यांवर घेतला. त्यांच्या वायूत गंधक असणार म्हणून त्या तिथे जाऊन भांडून आल्या. वायू तपासला तर स्वच्छ. हायड्रोजन तपासला, स्वच्छ. त्यांनी स्वतःच्या भट्टीवर संशय घेतला, स्वतःच्या हातांवर घेतला. घरी नीट जेवेनात. अत्तरवाले ताट पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "होईल गं. बाही तर पक्की आहे ना? मग निम्मं काम झालं."

उत्तर नळीवर वरपासून खालपर्यंत लावलेल्या तापमाप्यांच्या रांगेत होतं, आणि रांग रोज डोळ्यांसमोर होती. ही गाठ पडताना उष्णता सुटते, म्हणून नळीत जिथे काम चालतं तिथे गरम लागतं. निरोगी नळी वरच्या भागात तापते, कारण वायू आत शिरल्या शिरल्या काम उरकतो. वायूतून विष आलं तर वरचे दाणे आधी मरतात आणि गरम पट्टा दिवसागणिक खाली सरकतो. ताई कितीतरी दिवस तो पट्टा खाली सरकायची वाट बघत होत्या. तो सरकतच नव्हता. वरपासून खालपर्यंत सगळी नळी सारखीच कोमट होती. वरचा दाणा जेवढा लंगडा, तेवढाच तळाचा. म्हणजे विष वायूबरोबर आलेलं नव्हतं. दाणे नळीत पडण्याआधीच प्रत्येकाला आपला वाटा मिळालेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई मिस्त्रींकडे वळल्या.

"मिस्त्री, बाही कुठे आहे?"

"फडताळात." मिस्त्रींनी ती आणली. ताईंनी अस्तर उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. आत रबर चढवलेलं कापड. काठाला एका जुन्या खिशाची खूण. अत्तरवाल्यांचा कामावरचा एप्रन, चांगलं कापड म्हणून न टाकलेला. मुळात रबर, त्यात वर्षानुवर्षं औषध मुरलेलं, आणि त्यात दाणे दोन दिवस उबेला ठेवलेले. ताईंनी ते नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. त्यांना काहीही आलं नाही.

"मिस्त्री, खरं सांगा. याला वास येतो?"

मिस्त्रींनी जमिनीकडे बघितलं. "येतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमचाच आहे."

ताईंना कळेना. "माझा म्हणजे?"

"ताई, राग मानू नका. तुमच्या अंगाला येतो. पहिल्या दिवसापासून. जिन्यात तुम्ही आहात हे आम्हाला तुम्ही दिसायच्या आधी कळतं. खोलीत दाण्यांना बाधत नाही, तुम्ही कपडे बदलून येता. हल्ली कमी झालाय, पण आहे. तुमच्या हातची पिशवी, तुमच्या हातची बाही, तिला तुमचा वास असणारच असं वाटलं." त्यांनी बाहीची घडी घालायला घेतली. "वाईट नाही वाटत आम्हाला. आल्या की बरं वाटतं."

एवढ्या वर्षांत एवढ्या माणसांनी एका शब्दाने हे कळू दिलं नव्हतं. लोक प्रेमापोटी कुठे कुठे गप्प बसतात आणि काय काय बिघडवून ठेवतात, त्याचा हिशोब कुणी करू नये.

पुढचं काम सरळ होतं. नळी उघडली. वरचे, मधले, तळाचे दाणे तपासले. सगळ्यांवर गंधक, सारखंच. बाहीतून न गेलेले, पिंपात उरलेले दाणे धुतल्या तांदळासारखे. आता फक्त संचालकांना सांगायचं होतं.

"ताई," मिस्त्री म्हणाले, "माझ्या नावावर घाला. मिस्त्रीने रबराची नळी वापरली म्हणा. मला कोण काय म्हणणार?"

ताईंना क्षणभर मोह झाला. नाही कशाला म्हणा, चांगलाच झाला. मग त्या म्हणाल्या, "खोट्यावर उभा केलेला निकाल उद्या कोण मानेल?" आणि संचालकांकडे जाऊन, बाही कुणी शिवली आणि कशाची शिवली, ते सगळं सांगून आल्या. संचालक हसले नाहीत, याबद्दल ताईंनी त्यांना मनातल्या मनात शंभर गुण दिले. पिंपातले दाणे साध्या सुती बाहीतून पुन्हा भरले. या वेळी वरचा पट्टा तापला तो तिथेच तापून राहिला, आणि खालून निघाला तो जवळजवळ नुसता मिथेन. समितीने कागदावर ताईंचे दाणे लिहिले. मिस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं ताईंचं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी तो तिथून पुन्हा निसटला.

कारण संचालक म्हणाले होते, "गुरुवारी वायू कंपनीची माणसं येतील. हा वायू त्यांच्याच नळांत जायचा आहे. पहिली चाचणी का फसली ते त्यांना सगळं सांगावं लागेल. रबराची गोष्ट त्यांनाही उपयोगी आहे." वायू कंपनीची माणसं म्हणजे अत्तरवाल्यांचे जुने सोबती. म्हणजे शुक्रवारपर्यंत ही गोष्ट गावभर झालेली असणार. अत्तरवाल्यांना ती कुणीतरी न्हाव्याच्या दुकानात, हसत हसत सांगणार.

आणि घरी काय चाललं होतं? अत्तरवाले शेजाऱ्यांना सांगत होते की बायकोचा कारखाना आपल्या बाहीवर उभा राहणार आहे. ते दुसरी बाही शिवायला बसले होते, मोठ्या नळीसाठी. न्हाव्याला सांगून झालं होतं. बहिणीला फोन करून झाला होता.

बुधवारी संध्याकाळी ताई आल्या तेव्हा यंत्र चालूच होतं. त्यांनी पर्स ठेवली, पाणीही न पिता समोरच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, जरा थांबवा ते."

त्यांनी चाकावर हात ठेवला. यंत्र थांबलं.

ताईंनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, कारण ठेवला असता तर पुढचं वाक्य आलंच नसतं. बाही, अस्तर, उबेतले दोन दिवस, नळीभर सारखेच लंगडे झालेले दाणे. अत्तरवाले ऐकत होते. मधेच त्यांनी मांडीवरचं कापड उचललं, वास घेतला आणि परत खाली ठेवलं. त्यांनाही काही आलेलं नव्हतं.

"मी तो एप्रन दोनदा उकळला होता," ते म्हणाले.

"उकळला असणारच तुम्ही."

"नळीत आधी तुझं काम, मग माझं. वायू तू करायचा, वास मी घालायचा. एवढं कळत होतं मला." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "आणि मीच उलट करून बसलो."

"दाणे वाचले. नव्याने भरले, चालले. समितीने आमचेच घेतले."

हे त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हणजे अजून येतो," ते म्हणाले. "बहिणीकडे मी मधल्या खुर्चीत बसलो होतो. कुणी काही बोललं नाही."

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. एप्रनला येत होता, तुम्हाला नाही, एवढं म्हटलं की भागलं असतं. ताईंनी ते एकदा केलेलं होतं, उघड्या खिडक्यांच्या त्या खोलीत, आणि त्याचं भलंच झालं होतं. पण तेव्हा त्या एकट्या होत्या आणि समोर परका माणूस होता.

"येतो," त्या म्हणाल्या. "घराला येतो. गाद्यांना येत असेल, कपाटाला येत असेल. माझ्याही अंगाला येतो."

अत्तरवाले गर्रकन वळले. "तुला? कोण म्हणालं तुला?"

"मिस्त्री."

"त्याची ही हिंमत?" जन्मभर स्वतःसाठी कधी आवाज न चढवलेला माणूस उठून उभा राहिला. "मला म्हणा काय म्हणायचं ते. तुला बोलायचं काय कारण? तू काय पाप केलंस?"

"अहो, बसा. मीच विचारलं म्हणून ते बोलले. सगळ्यांना माहिती आहे, पहिल्या दिवसापासून. मी जिना चढायच्या आधी त्यांना कळतं." ताईंना हसू फुटलं. "एका घरात एवढी वर्षं राहून एकट्यालाच कसा येईल?"

ते बसले. यंत्राच्या चाकावर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुला वाईट वाटलं?"

ताईंनी खरंच विचार केला. त्या दिवशी दालनात, हातात ती बाही धरून त्यांना काय वाटलं होतं, ते त्यांनी अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी लाज वाटली. मग नाही वाटली."

अत्तरवाल्यांनी कात्री घेतली आणि नव्या बाहीची शिवण उसवायला लागले. हळूहळू, एकेक टाका, कापड फाटू न देता. निम्मी उसवून झाल्यावर, वर न बघता म्हणाले, "उद्या आमचे लोक येणार ना? सांग त्यांना, एप्रन माझा होता. नाव घेऊनच सांग." आणखी दोन टाके गेले. "मी आलो असतो बघायला. पण मला कोण आत घेणार? फाटकाबाहेर उभा राहिलो तर चालेल का? लोक विचारतील, हा कोण."

ताईंनी त्यांच्या मांडीवरून बाहीचं दुसरं टोक आपल्याकडे ओढलं आणि टाके शोधायला लागल्या.

"कोणी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळे ओळखतात तिथे. रोज तर येत होता माझ्याबरोबर."